वाचकांचे प्रश्न: आरओवाल्याचा प्रयोग, पाणाड्याचा नारळ आणि पायाळूवरची वीज

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे होते: गावात सगळ्यांसमोर काहीतरी ‘सिद्ध’ करून दाखवलं गेलं, लोकांना पटलं, आणि आता उलट सांगायचं तर कसं? म्हणून यावेळी योग्य उत्तरासोबत ते चारचौघांत दाखवायचं कसं, हेही लिहिलं आहे.

प्रश्न: गावात आरओ मशीन विकणारे आले होते. दोन ग्लासांत पाणी घेतलं, एकात आमच्या नळाचं, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. त्यात सळया असलेलं यंत्र बुडवून बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचं पाणी तपकिरी-काळं झालं, त्यावर गाळ तरंगला. त्यांचं पाणी स्वच्छ राहिलं. ‘हे विष तुम्ही रोज पिता’ म्हणाले. अर्ध्या गावानं आगाऊ रक्कम दिली. हे खरं आहे का? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

तपकिरी गाळ पाण्यातला नव्हे, सळईचा आहे. त्या यंत्रात सहसा एक सळई लोखंडाची आणि एक अॅल्युमिनिअमची असते. वीज सुरू झाली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंजासारखा तपकिरी-हिरवट साका तयार होतो. पण वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात ते असतात. आरओच्या पाण्यातून ते जवळजवळ काढून टाकलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहत नाही आणि काहीच घडत नाही. म्हणजे या प्रयोगातून एवढंच कळतं की एका पाण्यात क्षार जास्त आहेत आणि दुसऱ्यात कमी.

विक्रेता पुन्हा आला तर वाद घालू नका. त्याचंच यंत्र, त्याचंच आरओचं पाणी घ्या आणि त्यात सर्वांसमोर घरचं चिमूटभर मीठ टाका. बटण दाबण्याआधी जमलेल्यांना हात वर करायला सांगा: किती जणांना वाटतं पाणी स्वच्छ राहील, किती जणांना वाटतं काळं होईल? हा हात वर करण्याचा भाग टाळू नका. आधी अंदाज बांधलेला माणूस निकाल विसरत नाही. नुसता पाहणारा दुसऱ्या दिवशी विसरतो. मग बटण दाबा. ते ‘शुद्ध’ पाणी नळाच्या पाण्याहून जास्त गढूळ होईल. तिसऱ्या ग्लासात आशाताईंकडची जलसंजीवनीची पुडी विरघळवा. तीही काळी होईल, आणि ती तर आपण जुलाब झालेल्या लेकराला पाजतो. शेवटी लोखंडी सळई फडक्यानं पुसून हातोहात फिरवा. ती खडबडीत झालेली, खड्डे पडलेली दिसते.

एक इशारा: यंत्र घरच्या विजेवर चालतं. बटण चालू असताना सळया, ग्लास किंवा पाण्याला कोणी हात लावू नये. शाळेत मुलांकडून करून घ्यायचं असेल तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन लोखंडी खिळे आणि मिठाचं पाणी पुरे. वेळ जास्त लागतो, अर्धा तास धरा. हाताला धोका नसला तरी हे खिडकी-दार उघडं ठेवूनच करा, कारण मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन वायू सुटू शकतो.

आता दुसरी बाजू. तुमचा तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खरोखर खारं असू शकतं आणि अशा पाण्याला आरओ उपयोगी आहे. विक्रेत्याचा प्रयोग खोटा म्हणून मशीन निरुपयोगी, असं उलटं टोक गाठू नका. ठरवायचं ते मोजून. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलीग्रामपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर भारतीय मानकानुसार २,००० पर्यंत चालवून घेतात. पेनासारखं टीडीएस मीटर हे सांगतं, पण ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते तेवढं मोजतं. जंतू त्याला दिसत नाहीत आणि फ्लोराइडही दिसत नाही. मीटरवर ३०० आकडा दाखवणारं पाणी पिऊन हगवण लागू शकते.

प्रश्न: आमच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड २.८ आल्याचा अहवाल ग्रामपंचायतीत लावला आहे. लोक म्हणतात, आजोबा इथलंच पाणी पिऊन नव्वदीपर्यंत जगले. काय उत्तर द्यावं? (ता. केळापूर, जि. यवतमाळ)

आजोबा बहुतेक उथळ विहिरीचं पाणी प्यायले. बोअरचं खोलवरचं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहतं आणि त्यातून फ्लोराइड घेतं. हा फरक सांगायला गावातल्या जुन्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी एकाच दिवशी तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लावा. मर्यादा लिटरला १ मिलीग्राम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

नमुना घेताना होणाऱ्या चुका बऱ्याच आहेत. पंप आधी पाचेक मिनिटं मारून साचलेलं पाणी जाऊ द्या. फ्लोराइडसाठी बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको, आणि त्याच पाण्यानं तीन वेळा विसळा. जंतूंसाठीची बाटली मात्र प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक असते. ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून जमेल तितक्या लवकर आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोहोचवायची. दोन्ही तपासण्यांना एकच बाटली वापरली की एक निकाल हमखास चुकतो.

दात दाखवून समजावणं सोपं जातं, पण मुलांची टवाळी होणार नाही हे आधी पाहा. फ्लोराइडचे डाग दाताच्या चकाकीच्या आतच असतात: आडवे, पांढरट ते तपकिरी पट्टे, डाव्या-उजव्या बाजूला सारखे. ब्रश कितीही घासला तरी जात नाहीत. खर्ऱ्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे, डाग हिरडीलगत आणि दाताच्या आतल्या बाजूला जमतात आणि दातांचा डॉक्टर ते खरवडून काढू शकतो. पक्के दात हिरडीत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, पोटात गेलेलं फ्लोराइड हे डाग पाडतं. म्हणून स्वच्छ पाणी थोडंच मिळत असेल तर ते आधी लहान मुलांना द्या.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण थोडं वाढतं. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेनं विकसित केली. पण मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते. अंदाजानं तुरटी फिरवून समाधान मानू नका.

आणि तो अहवाल. ‘२.८ मिग्रॅ/लि.’ असा कागद लावणं म्हणजे न लावण्यासारखंच. पंपावरच रंगवून लिहा: ‘हे पाणी पिण्यास व स्वयंपाकास नको. आंघोळ, कपडे, भांडी चालेल. पिण्याचं पाणी अमुक ठिकाणी.’ तिसरं वाक्य नसेल तर पहिली दोन कोणी पाळणार नाही.

प्रश्न: बोअर मारण्याआधी आमच्याकडं पाणाड्याला बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहतो तिथं बोअर. बरेच बोअर लागलेही आहेत. यात काही तथ्य आहे का, आणि नसेल तर कास्तकारांना पटवावं कसं? (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

नारळ हलतो हे खरं आहे. तो हातामुळे हलतो, धरणाऱ्याच्या नकळत. म्हणून पाणाड्याला लबाड म्हणू नका. बहुतेकांचा स्वतःचा विश्वास असतो, आणि लबाड म्हटलं की गाव त्याच्या बाजूनं उभं राहतं.

सगळ्यात स्वस्त परीक्षा अशी. एखादं मोकळं वावर निवडा. पाणाड्याला त्यात पाण्याच्या पाच जागा दाखवायला सांगा. खुंट्या न ठोकता दोन माणसांनी बांधापासून टेप लावून मापं वहीत लिहावीत. नंतर त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन-चार गिरक्या देऊन, त्याच वावरात दुसऱ्या टोकाकडून त्याला चालवा आणि पुन्हा पाच जागा विचारा. जमिनीखालचं पाणी अर्ध्या तासात जागा बदलत नाही. नारळाला पाणी कळत असेल तर दोन्ही वेळच्या जागा हातभर अंतरात जुळायला हव्यात. पट्टी बांधल्यावर हात धरून नेणाऱ्याला आधीच्या जागा माहीत नसाव्यात, ही अट विसरू नका. नाहीतर त्याचं थबकणंच पाणाड्याला इशारा देतं.

जास्त काटेकोर हवं असेल तर एकसारखी झाकण असलेली १० पिंपं घ्या, एकात पाणी, बाकीच्यांत वाळू. कोणत्या पिंपात पाणी ते चिठ्ठी काढून ठरवा आणि असं २० वेळा करा. नुसत्या नशिबानं २० पैकी सरासरी २ वेळा बरोबर येईल. ६ किंवा जास्त वेळा बरोबर येणं नशिबानं शंभरात जेमतेम एकदा घडतं. तेव्हा ‘६ आले तर आम्ही मान्य करू आणि पुन्हा परीक्षा घेऊ’ हे सुरू करण्याआधी कागदावर लिहून पाणाड्याची सही घ्या. ‘साठलेलं पाणी नारळाला कळत नाही, वाहतं लागतं’ हा आक्षेप असेल तर तोही आधीच नोंदवा आणि वर दिलेली वावरातली पहिली परीक्षा घ्या. निकालानंतर आलेला आक्षेप धरायचा नाही.

बोअर ‘लागतात’ त्याचं कारण खडकात आहे. पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात थोडंफार पाणी अनेक जागी मिळतं. त्यामुळे डोळे मिटून बोट ठेवलं तरी काही बोअर लागतीलच. म्हणून गावाची बोअरवही करा: कोणाचा बोअर, कोणत्या साली, जागा कोणी दाखवली, सांगितलेली खोली, प्रत्यक्ष पाणी कुठं लागलं, आणि मार्चमध्ये चालू होता का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण ऑक्टोबरात जवळजवळ प्रत्येक बोअर यशस्वी असतो. कोरडे गेलेले बोअर बुजवले जातात आणि लोकांच्या बोलण्यातूनही जातात. ते वहीत आणायला ड्रिलिंग गाडीचा हिशेब ठेवणाऱ्याला विचारा. ‘८० फुटांवर पाणी’ सांगितलं आणि २२० फुटांवर लागलं तर ते यश नाही, हेही आधी ठरवा.

पर्याय म्हणून जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जा. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजली जाते. शेजारच्या विहिरींची ही नोंद कोणत्याही नारळापेक्षा मोलाची. जमिनीत चार खुंट्या ठोकून विजेचा रोध मोजण्याची पद्धतही आहे: कोरडा कातळ जास्त रोध दाखवतो, ओला भेगाळ थर कमी. पण चिकणमाती आणि खारं पाणीसुद्धा कमीच रोध दाखवतात, त्यामुळे खारपाणपट्ट्यात नवखा माणूस यंत्र घेऊनही फसतो. यंत्र आहे म्हणून खात्री आहे, असं कोणी सांगत असेल तर त्यालाही बोअरवही दाखवायला सांगा.

प्रश्न: इज पायाळू माणसावर पडते, मोबाइल खिशात असला तरी पडते, असं आमच्याकडं मानतात. आणि इज पडलेल्याला शेणात पुरलं तर वाचतो म्हणतात. (जि. गोंदिया)

वीज पाहते ती उंची आणि जागा. माणूस पायाकडून जन्मला की डोक्याकडून, याचा तिला पत्ता नसतो. मोबाइल वीज खेचत नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र वादळात हातात धरू नका, कारण वीज तारेतून घरात येऊ शकते. ‘पायाळू होता’ हे बहुतेक वेळा माणूस दगावल्यावर आठवतं. त्यापेक्षा विचारा: तो कुठं उभा होता? झाडाखाली की उघड्या वावरात, उत्तर बहुधा यातलंच निघेल.

झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना बाजूच्या माणसावर उडी घेते, आणि उरलेली जमिनीतून पसरते. पसरताना जवळच्या दोन जागांमध्येही विजेच्या दाबाचा फरक असतो. गुराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं तो फरक त्याला मोठा बसतो आणि वाट छातीतून जाते. म्हणून झाडाखाली बांधलेली बैलजोडी एकदम जाते.

वावरातल्या मजुरांना एकच गोष्ट शिकवा: मोजणं. लखलखाट दिसला की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. ३० च्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पाऊस ओसरला म्हणून लगेच परत गेलेले लोक यात सापडतात. आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा बंद असलेली गाडी. ट्रॅक्टर, बंडी आणि चार खांबांची झोपडी हा आसरा नव्हे. काहीच नसेल तर झाडांपासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, एकमेकांपासून अंतर राखून, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. हा शेवटचा उपाय आहे आणि तो पुरा नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आपल्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. जंगलपट्ट्यात रेंज नसते, म्हणून मोजणं आधी शिकवा, अॅप नंतर.

शेणाबद्दल: वीज पडलेल्याच्या अंगात वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. तो मरतो तो हृदय आणि श्वास थांबल्यानं. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांनंतर दोन श्वास. शेणात पुरलेल्या माणसाची छाती दाबताच येत नाही. तिथंच तो जातो.

प्रश्न: साप चावला की लोक आधी मांत्रिकाकडं नेतात. तो वयस्कर, सज्जन माणूस आहे, पैसे घेत नाही. त्याला दुखवायचं नाही. (जि. गडचिरोली)

मग त्याला सोबत घ्या. गावात ठरवा की मंत्र मोटारसायकलवर बसून म्हणायचा, गाडी थांबवायची नाही. चालक पुढं, रुग्ण मध्ये, धरणारा मागं. मांत्रिक त्या मागच्या जागेवर बसला तर उत्तमच. त्याचे रुग्ण वाचतात ते बहुतेक साप बिनविषारी असतात म्हणून, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो म्हणून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांनी विष सोडलं असेल तर त्याला उतारा प्रतिविषाचाच.

निघताना अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, चावलेला भाग फळीनं बांधून हलू देऊ नका. करकचून दोरी, चिरा, चोखणं यातलं काही नको. मण्याराचा दंश अनेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि दुखतही नाही. पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या दिसल्या तर खूण शोधत बसू नका.

दवाखान्यात रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष भिनलंय. नातेवाइकांना ही नळी दाखवण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करा; ‘नुसतं बसवून ठेवलंय’ हा गैरसमज तिथंच मिटतो.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सोबत गाडीवर बसलेल्या म्हाताऱ्याला तो लागत नाही.

प्रश्न: ‘आज रात्री १२.३० ते ३.३० कॉस्मिक किरणं येणार, मोबाइल बंद ठेवा’ हा निरोप खरा का? (जि. वर्धा)

नाही. ती किरणं दिवसरात्र येतच असतात. निरोप जुना आहे, दर वेळी ‘आज रात्री’ नवी असते. तारीख नसलेला निरोप पुढं ढकलू नका, एवढा नियम पुरे.

प्रश्न: २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दर वर्षी ज्वालामुखीची प्रतिकृती होते. मुलांनी खरं काही मोजावं असा उपक्रम सुचवा. (जिल्हा परिषद शाळा, जि. चंद्रपूर)

पृथ्वीचा घेर मोजा. नागपूरजवळच्या एखाद्या शाळेला जोडीला घ्या. दोन्हीकडे दोन मीटर उंचीवर आडवा पुठ्ठा बसवा आणि त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा. भोकातून ओळंबा सोडून खालची जागा खुणेनं पक्की करा. दुपारी १२.१० ते १२.४५ दर तीन मिनिटांनी जमिनीवरच्या प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य टिपा. ओळंब्याच्या खुणेपासून सगळ्यात कमी अंतर तुमच्या भागात १२.२५ च्या आसपास येईल: चंद्रपूरला सुमारे १०६ सेंटिमीटर, नागपूरला ११२ च्या जवळ. अंतर भागिले उंची, आणि मोबाइलच्या गणकयंत्रावर त्याचा टॅन-इन्व्हर्स, म्हणजे कोन मिळाला. दोन कोनांतला फरक सुमारे १.२ अंश येतो.

मग कागदी नकाशावरून दोन गावांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर काढा, ते १३३ किलोमीटरच्या आसपास भरतं. ३६० ला १.२ नं भागून १३३ नं गुणलं की ३९,९००. खरा घेर ४०,००० किलोमीटरच्या जवळ आहे.

पहिल्या प्रयत्नात असं नेटकं उत्तर येणार नाही. ओळंबा न वापरता नुसता बांबू उभा केला आणि तो अर्धा अंश कलला, तर उत्तर कित्येक हजार किलोमीटरनं चुकतं. जमीन सपाट नसेल तरी तेच. रस्त्याचं अंतर धरलं तर घेर फुगतो. आणि मोबाइलवरून अक्षांश बघून अंतर काढू देऊ नका, कारण अक्षांशात उत्तर आधीच दडलेलं असतं. ३५ ते ४५ हजारांच्या दरम्यान आकडा आला तर तो तसाच फळ्यावर लिहा, खोडून ४०,००० करू नका, आणि कुठली चूक किती महागात पडली याचा हिशेब मुलांकडूनच मागा.